फ्रामच्या भिंती : बर्फात अडकलेल्या बोटीवरचे तीन हिवाळे

ध्रुवीय मोहिमांच्या बहुतेक गोष्टींत बोटीचं काम पहिल्या दोन प्रकरणांतच संपतं. ती बर्फात अडकते, चिरडली जाते, बुडते आणि मग खरी गोष्ट सुरू होते. नॉर्वेच्या ‘फ्राम’चं तसं झालं नाही. सप्टेंबर १८९३मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला ती बर्फात गोठली आणि १३ ऑगस्ट १८९६ला स्पिट्सबर्गन या ध्रुवीय बेटाच्या उत्तरेला मोकळ्या पाण्यात आली. मधली जवळजवळ तीन वर्षं ती बर्फाबरोबर वाहत होती. सुरुवातीला तिच्यावर तेरा माणसं राहत होती आणि शेवटी अकरा. दोघं कमी झाली ती मेली म्हणून नव्हे, तर आपल्या पायांनी ध्रुवाकडे निघून गेली म्हणून. तीही जिवंत परत आली.

थंड प्रदेशात वर्षभर बोटीवर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा अभ्यास करायला यापेक्षा बोलकं प्रकरण मला माहीत नाही. एक तर ही बोट त्याच कामासाठी, कोऱ्या कागदापासून बांधलेली होती. शिवाय मोहिमेचा प्रमुख फ्रिचॉफ नान्सेन भिंतीच्या थरांपासून ढेकणांपर्यंत सगळं लिहून ठेवणारा माणूस होता.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ‘जीनेट’ नावाचं अमेरिकन जहाज जून १८८१मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडलं. तीन वर्षांनी त्यातलं सामान थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडलं. म्हणजे ध्रुवीय समुद्रावरचं बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असणार. सामान जाऊ शकतं तर जहाजही जाऊ शकेल, फक्त ते वाटेत चिरडलं जाता कामा नये. नान्सेनचा हा तर्क त्या काळच्या अनेक अनुभवी दर्यावर्दींना वेडेपणा वाटला होता. कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याने त्याला लार्विकमध्ये बोट बांधून दिली. २६ ऑक्टोबर १८९२ला ती पाण्यात उतरली. डेकवर ३९ मीटर लांब, ११ मीटर रुंद, म्हणजे लांबीच्या मानाने चांगलीच गुबगुबीत. पोट गोलसर, त्यामुळे बर्फ दोन्ही बाजूंनी दाबू लागलं की बोट चिरडण्याऐवजी वर उचलली जाई. सुकाणू आणि बोट पुढे ढकलणारा पंखा विहिरीसारख्या पोकळीतून वर ओढून घेता येत. बाजूंची जाडी ७० ते ८० सेंटिमीटर.

फ्रामवर लिहिणारे बहुतेक जण या गोल पोटावर थांबतात, आणि ते साहजिकच आहे. पण चिरडली न गेलेली बोट म्हणजे राहण्याजोगी बोट नव्हे. आधीच्या कितीतरी मोहिमांत जहाजं शाबूत राहिली आणि आतली माणसं हळूहळू खचत गेली. त्याचं एक मोठं कारण होतं ओल. थंडी नव्हे, ओल.

गादीतला बर्फ

नान्सेनने आधीच्या मोहिमांची वर्णनं बारकाईने वाचली होती. त्यांत एक तक्रार परत परत येते. आत शेगडी पेटलेली, माणसं कोंडलेली आणि बाहेरच्या थंडीने भिंती गार पडलेल्या. हवेतली वाफ त्या भिंतींवर धरायची. काही ठिकाणी ती लगेच गोठायची, काही ठिकाणी ओघळून झोपायच्या बंकवर आणि जमिनीवर उतरायची. गाद्या भिजायच्या आणि गोठायच्या. गादीचा बर्फाचा लादा होणं त्या काळी फार नवलाचं नव्हतं.

हे असं का होतं याचा हिशेब सोपा आहे. एक माणूस श्वासातून आणि घामातून दिवसाला साधारण एक लिटर पाणी हवेत सोडतो. तेरा माणसं म्हणजे तेरा लिटर. त्यात स्वयंपाकाची वाफ. त्यात रॉकेलचे दिवे, कारण एक लिटर रॉकेल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. उजेडासाठी दिवा लावावा आणि त्यानेच भिंत ओली करावी, अशी ही गंमत. आता २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला फक्त ५ ग्रॅम. खोलीतली हवा अर्धी जरी भरलेली असली, तरी जी वस्तू ९ अंशांच्या खाली गेलेली असेल तिच्यावर पाणी धरणारच. भिंत उणे असेल तर तिच्यावर बर्फ.

त्यामुळे शेगडी मोठी करून हा प्रश्न सुटत नाही. उलट हवा गरम झाली की ती आणखी वाफ पोटात घेते आणि ती वाफ पहिल्या थंड कोपऱ्यात ओतते. प्रश्न सोडवायचा तर भिंतीची आतली बाजू उबदार ठेवायला हवी. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलीतली वाफ भिंतीच्या पोटात शिरता कामा नये, कारण तिथे कुठेतरी ती गोठणारच.

थरांचा क्रम

फ्रामच्या राहत्या भागाची भिंत बाहेरून आत अशी होती : बोटीच्या लाकडी अंगाला लागून डांबर लावलेला फेल्ट (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड), मग कॉर्कचं भरण, मग पाइनच्या फळ्या, मग फेल्टचा जाड थर, मग हवाबंद लिनोलियम (जमिनीवर अंथरतात तसलं मेणकापडासारखं आवरण) आणि शेवटी आतल्या फळ्या.

मला यात सगळ्यात जास्त आवडते ती लिनोलियमची जागा. ते बाहेरच्या बाजूला नाही, मधेही नाही, खोलीच्या अगदी जवळ, शेवटच्या फळीच्या मागे आहे. म्हणजे खोलीतली वाफ उबदार बाजूलाच अडते आणि कॉर्क, फेल्ट कोरडे राहतात. थंड देशांतल्या घरांच्या भिंतीत वाफ अडवणारा पडदा आज नेमका याच बाजूला लावतात. छताचं पाहा : हवेची पोकळी, फेल्ट, फळ्या, रेनडियरच्या केसांचं भरण, पुन्हा फळ्या, लिनोलियम, हवेची पोकळी, फळ्या. इथेही लिनोलियम खालच्या, उबदार बाजूकडे. डेकच्या फळ्या धरून सगळं मिळून सुमारे १५ इंच. जमिनीखाली सहा-सात इंच कॉर्क, त्यावर जाड लाकडी तक्ते आणि वर लिनोलियम. छतातल्या खिडकीला एकामागे एक तीन काचा. १८९२ साली!

मांडणीही तशीच विचारपूर्वक. मधे दिवाणखाना, त्याच्या भोवतीने झोपायच्या खोल्या. म्हणजे जिथे सगळे दिवसभर बसणार ती जागा बाहेरच्या भिंतीला कुठे टेकतच नाही. दिवाणखान्याच्या पुढे स्वयंपाकघर आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी डेकवर जायचे जिने. प्रत्येक जिन्याच्या वाटेवर चार छोटे, जाड दरवाजे, लाकडाच्या थरांमध्ये फेल्ट घातलेले. उंबरठे मुद्दाम उंच ठेवलेले, कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी जमिनीलगत आत येते. बाहेर पडायचं तर चारही दारं एकामागून एक उघडायची. कंटाळवाणं खरं, पण आत-बाहेर करणारी तेरा माणसं म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा दार उघडणार, हे आर्चर आणि नान्सेन यांनी धरलं होतं.

परिणाम काय झाला? शेगडी पेटवल्यावर भिंतींवर, अगदी झोपायच्या खोल्यांतही, ओलीचा मागमूस नसायचा, अशी नान्सेनची नोंद आहे.

वाऱ्याचं शीड

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की फ्राम म्हणजे एक घट्ट बंद केलेला डबा होता. तसं असतं तर मोहीम पहिल्याच हिवाळ्यात आजारी पडली असती. पहिल्या शरद ऋतूतली नान्सेनची एक नोंद मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. बाहेर उणे ५ असो की उणे ३०, शेगडी पेटवावी लागत नाही, नुसत्या दिव्यावर भागतं, असं तो लिहितो. आणि त्याच दमात सांगतो की हवा खेळती ठेवण्यासाठी कापडाचं एक शीड बांधून वारा झरोक्यातून आत घेतला आहे, त्यातून अख्ख्या हिवाळ्याची थंडी आत येते, तरी आम्ही उबेत आहोत. शेगडी काढूनच टाकावी, उगाच जागा अडवते, असाही विचार त्याच्या मनात आला होता.

उणे ३० अंशांत मुद्दाम वारा आत घ्यायचा? आपल्याकडच्या अनुभवाला हे उलटं वाटतं. कोकणात जुलैमध्ये खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणून भिंती सुकत नाहीत, कारण बाहेरची हवाच पाण्याने जड असते. कपाटातल्या चपलांना बुरशी यायची ती येतेच. पण उणे ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला अर्धा ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. ती आत आली, २० अंशांपर्यंत तापली, की तहानलेली असते. खोलीतली वाफ पिऊन ती झरोक्यातून बाहेर जाते. बाहेर जितकी कडक थंडी, तितकं हे वाळवण्याचं काम चांगलं. अट एकच, ती हवा तापवण्याइतकी ऊब भिंतींनी वाया जाऊ न देता राखलेली हवी.

आणि ऊब येत कुठून होती? निवांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. तेरा माणसं म्हणजे १३०० वॉट, अधिक दिवे, अधिक स्वयंपाकघर. आजच्या एका खोलीच्या हीटरइतकं. साध्या जहाजात ती बाजूंच्या लाकडातून केव्हाच निघून गेली असती.

हवा खेळती ठेवण्याचा दुसरा फायदा जीव वाचवणारा असतो. थंडीत माणूस फटी बुजवतो, शेगडीची चिमणी बर्फाने चोंदते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो; त्याला ना वास ना रंग. १९३४मध्ये अंटार्क्टिकात एका एकांत ठाण्यावर हिवाळा काढणारा अमेरिकन रिचर्ड बर्ड याच वायूने मरता मरता वाचला. तो बोटीवर नव्हता, जमिनीवरच्या झोपडीत होता, पण सापळा तोच.

आजच्या बोटींचं काय

ब्रिटनच्या कालव्यांवर आज हजारो लोक अरुंद, लांबट पोलादी बोटींत बारा महिने राहतात. लंडनला गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील, छतावर सायकल आणि लाकडाची मोळी, वर धुरकट चिमणी. त्यांचा हिवाळ्यातला पहिला शत्रू आजही गादीखालची ओल हाच आहे. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे उघडा राहिलेला पोलादाचा कोपरा, खिडकीची धातूची चौकट, बंकखालची न मढवलेली बाजू, जिथे म्हणून भरण चुकलं तिथे पाणी. म्हणून चांगल्या बोटींत आतून फवारून बसवलेला फोम असतो, गादीखाली हवा खेळावी म्हणून पट्ट्या असतात आणि झरोके कायमचे उघडे असतात. नवखे लोक पहिल्या हिवाळ्यात थंडी लागते म्हणून झरोक्यांत चिंध्या कोंबतात. मग आठवड्याभरात खिडक्या रडायला लागतात. चिमणी असलेली शेगडी हवा बाहेर ओढते म्हणून वाळवते. उघडा गॅस मात्र वाफ आणि धोका दोन्ही वाढवतो. आता तिथल्या बोट सुरक्षा नियमांत कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावणं आलं आहे.

यातलं काहीच फ्रामच्या माणसांना नवीन वाटलं नसतं. फोम सोडला तर.

उजेड, पोट, ढेकूण

ऑक्टोबर १८९३च्या अखेरीस सूर्य गेला तो फेब्रुवारीत परत आला. त्याच ऑक्टोबरमध्ये डेकवर पवनचक्की उभी राहिली आणि ती डायनॅमो फिरवू लागली. दिवाणखान्यात विजेचा आर्क दिवा लागला. रॉकेल वाचलं, ओलही वाचली आणि काळोखात बसलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे नीट दिसू लागले. पुढे चक्की झिजली आणि १८९५मध्ये उतरवावी लागली. मग पुन्हा रॉकेलचे दिवे. बारीक बघितलं तर या बोटीवरची सगळ्यात ‘आधुनिक’ गोष्टच सगळ्यात आधी मोडली. कॉर्क आणि फेल्ट शेवटपर्यंत टिकले.

जेवणाबद्दल नान्सेनने प्राध्यापक सोफुस टोरुप यांचा सल्ला घेतला होता. अन्न नीट शिजवून किंवा वाळवून हवाबंद डब्यांत भरलेलं, आणि त्यात विविधता भरपूर. सोबतीला अस्वलाचं आणि सीलचं ताजं मांस. डॉक्टर हेन्रिक ब्लेसिंग दर महिन्याला सगळ्यांचं वजन करायचा, रक्त तपासायचा. स्कर्व्हीची, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाची, लक्षणं दिसतात का याकडे सगळ्यांचं लक्ष असे, आणि दिसायचं काय, तर वजन वाढलेलं. तीन वर्षांत एकालाही स्कर्व्ही झाला नाही. त्यानंतर लवकरच, १८९८मध्ये, ‘बेल्जिका’ अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकली तेव्हा काय झालं ते पाहिलं की याची किंमत कळते. तिथे माणसं स्कर्व्हीने खचली, आणि डॉक्टर फ्रेडरिक कुकने पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावल्यावर सावरली.

ढेकणांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. कपड्यांबरोबर ते बोटीवर आले आणि त्या उबदार, कोरड्या खोल्या त्यांनाही मानवल्या. वाफेने मारू म्हणून कपडे पिंपात कोंबून बॉयलरची नळी आत सोडली, तर पिंपाचं झाकणच धडाक्याने उडालं. शेवटी खरा उपाय दाराबाहेरच होता. कपडे आणि अंथरुणं बाहेरच्या थंडीत टांगायची. घर उबदार केलं की त्यात कोण राहायला येईल हे आपल्या हातात राहत नाही.

मधल्या टेबलाभोवती

फ्रामवर कप्तान ओटो स्वेरड्रुप, नान्सेन, डॉक्टर, इंजिनिअर, आचारी असे सगळे एकाच दिवाणखान्यात, एकाच टेबलावर जेवायचे. अधिकाऱ्यांची वेगळी पंगत नव्हती. यालमार योहानसेन तर राखीव सैन्यातला लेफ्टनंट. दुसरी जागा शिल्लक नव्हती म्हणून बॉयलरवरचा कामगार म्हणून आला. ग्रंथालय होतं, हँडल फिरवून वाजवायचा ऑर्गन होता, ‘फ्रामशो’ नावाचं हस्तलिखित वर्तमानपत्र निघे. दर चार तासांनी हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, समुद्राची खोली मोजायची. खोली इतकी निघाली की आणलेली तार पुरेना, तेव्हा पोलादी दोराचे पीळ उलगडून त्यांनी नवी तार तयार केली. अशा कामाने दिवस चांगला जातो.

तरीही एकाच टेबलाभोवती तेच चेहरे तीन वर्षं बघणं हा वेगळा ताण होता. मोहीमप्रमुखच सगळ्यात अस्वस्थ होता. बोट सुरक्षित, पोट भरलेलं, करायला धोकादायक असं काही नाही. नान्सेनच्या रोजनिशीत या सुखाबद्दलचा वैताग जागोजागी दिसतो. जानेवारी १८९५मध्ये बर्फाचा प्रचंड ढिगारा बोटीवर चाल करून आला. बोट सोडायची तयारी झाली, सामान बर्फावर उतरवलं, माणसं कपड्यांनिशी झोपू लागली. तेव्हा सगळ्यांच्या अंगात जरा जीव आला असावा, असं मला वर्णनं वाचताना वाटतं. १४ मार्च १८९५ला नान्सेन आणि योहानसेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले. ते ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत पोचले. शास्त्रीय कारण होतंच, पण मला वाटतं त्या उबदार खोलीतून बाहेर पडणं हेही एक कारण होतं. डॉक्टर ब्लेसिंग या मोहिमेत मॉर्फिनच्या आहारी गेला. भिंतींनी जे थोपवायचं ते थोपवलं, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

याचा पुरावा दुसऱ्या सफरीत मिळतो. १८९८ ते १९०२ या काळात स्वेरड्रुप याच बोटीने सोळा माणसांची मोहीम घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांत गेला. राहायला जागा वाढावी म्हणून एक डेक चढवला होता. भिंती तशाच, कप्तान अनुभवी, अन्न भरपूर. तरी पहिल्या हिवाळ्यानंतर, १८९९मध्ये, डॉक्टर योहान स्वेन्डसेनने आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी बॉयलरवरच्या एका माणसाचाही मृत्यू झाला. उरलेल्यांनी आणखी तीन हिवाळे काढले आणि प्रचंड मोठा प्रदेश नकाशावर आणला. दोन्ही सफरींत मनाने सगळ्यात आधी खचले ते डॉक्टर, हा योगायोगही असेल. पण निरोगी माणसांच्या बोटीवर डॉक्टरला काम नसतं, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. आज अशी मुक्कामाची मोहीम आखणाऱ्याने माणसं निवडताना आधी हे विचारावं, की सगळं ठीक चाललेलं असताना हा माणूस रोज काय करील?

फ्रामचं पुढे काय झालं, तेही या प्रकरणाचाच भाग आहे. तिसऱ्या सफरीत ती रोआल्ड अमुंडसेनला घेऊन अंटार्क्टिकाला गेली. त्यानंतर १९१३मध्ये नव्या कालव्यातून जाण्यासाठी तिला पनामाला आणलं. कालवा सुरू व्हायला उशीर होत गेला आणि ती उष्ण, दमट हवेत बंदरात वाट पाहत राहिली. उणे ४० अंशांच्या खालची थंडी आणि बर्फाचा दाब सोसलेल्या त्या लाकडाला बुरशीने आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी धरलं. १९१४च्या उन्हाळ्यात नॉर्वेला परतली तेव्हा ती खिळखिळी झाली होती. पुढे बरीच वर्षं ती तशीच पडून होती. मग डागडुजी होऊन १९३६पासून ती ऑस्लोच्या संग्रहालयात छपराखाली आहे. तिथे आत जाऊन त्या उंच उंबरठ्यांवरून पाय उचलून जावं लागतं.